नाव घरातलंच

आत्याने माझा केसाने गळा कापला, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट शेवटपर्यंत ताणून धरण्याइतका धीर माझ्यात नाही. फक्त त्यात हात तिचा एकटीचाच होता असं मी धरून चालले होते, तिथे मात्र मी चुकले.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत विचारते, "हे बरं की हे?" माणसं गोंधळतात. "पुन्हा एकदा दाखवा ना," म्हणतात. काही जण तर परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम होतात. मला मनातून हसू यायचं. मग मी कॅमेरा घेतला, रॉ फोटो कशात उघडायचे हे ठरवायची वेळ आली, आणि माझंच हसू जिरलं.

रॉ म्हणजे कच्चा फोटो. कॅमेऱ्याने स्वतःची अक्कल न चालवता, आत आला तेवढा उजेड जसाच्या तसा साठवलेला. दिसायला मळकट, न पिळलेल्या फडक्यासारखा. तो सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, उजेड किती, सावली किती, रंग कोणता हे आपण ठरवायचं आणि मग त्याचा फोटो होतो. "फोटो दोनदा काढायचा असतो," आत्या म्हणायची. "एकदा बोटाने आणि एकदा टेबलाशी बसून."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचा स्वतःचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळांमधले वर्गाचे फोटो, दुकानदारांच्या मालाचे फोटो, असं सगळं ती करते. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. ती आत्याने घातली. पालकसभेला ती आली, माझं पहिलं भांडण मिटवायलाही तीच आली. तिने सांगितलं असतं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर मी पडदे त्या बाजूचे उघडले असते.

तर सॉफ्टवेअर. माझ्यापुढे तीन होती. एक कॅमेऱ्याबरोबरच आलेलं, पण इतकं मंद की एक बदल करावा आणि चहा टाकून यावं. दुसरं फुकट. कुणीकुणी हौसेने मिळून बनवलेलं, त्यात इतकी बटणं की फोटो सुधारायचाय की विमान उडवायचंय ते कळेना. पहिल्याच प्रयत्नात मी शेजारणीचा चेहरा हिरवागार केला. तिसरं दर महिन्याला वर्गणी घेणारं. सगळे तेच वापरतात. सोपं, देखणं, आणि फोटो आपोआप इंटरनेटवरच्या खात्यात जमा होतात.

मला खरं तर फुकटवालं आवडलं होतं. ते अवघड होतं, पण फोटो माझ्याच कॉम्प्युटरवर राहायचे, कुठे जायचे नाहीत. मी वही घेऊन एकेक बटण शिकायला बसले होते.

आत्याने ते पाहिलं आणि पोट धरून हसली. "शहाणे, सायकल चालवता येत नाही आणि सुटे भाग जोडायला निघालीस! माझ्या खात्यात ये की. एका वर्गणीत दोन कॉम्प्युटर चालतात, दुसरा रिकामाच आहे."

"मग माझे फोटो तुला दिसतील?"

"तुझं फोल्डर वेगळं. मला माझे बघायला फुरसत नाही, तुझे कुठे बघत बसू?"

झालं. तिने तिचा पासवर्ड माझ्या कॉम्प्युटरवर घातला आणि निवडीचा प्रश्न सुटला. पुढे तिने मन लावून शिकवलं, हे मी नाकारत नाही. चांगल्या फोटोला पांढरा झेंडा लावायचा, टाकाऊ फोटोला काळा, महिनाअखेरीस काळे झेंडेवाले एकदम पुसून टाकायचे. "निवडताना दया दाखवायची नाही," असं ती बजावायची.

त्याच दिवसांत बाबांना झटका आला.

बाबा शाळेत कवायत शिकवायचे. मैदानाच्या एका टोकाला शिट्टी वाजवली की दुसऱ्या टोकाची पोरं सरळ व्हायची. झटक्याने त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे हात होता, पण सांगितलेलं ऐकत नव्हता. तोंडही एका बाजूला किंचित ओढलं गेलं होतं. मी भरवायला गेले की चमचा काढून घ्यायचे, कपडे घालायला गेले की दार लावून घ्यायचे.

एका सकाळी ते दार लावायला विसरले. पलंगाच्या कडेला बसून ते शर्टाची बटणं लावत होते. कॉलर दातांत घट्ट धरली होती, म्हणजे कापड ताणलेलं राहतं, आणि डावा अंगठा बटण काजात ढकलत होता. बटण निसटत होतं, ते पुन्हा ढकलत होते. खिडकीतून उजेड फक्त त्या अंगठ्यावर आणि जबड्यावर पडला होता. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. आदल्या दिवशी उन्हात वापरलेलाच, सेटिंग न बदललेला. मी विचार न करता बटण दाबलं.

त्यांनी आवाज ऐकला. कॉलर तोंडातून सोडली. "काढलास?"

"हो."

"दाखव."

मी त्यांना कॉम्प्युटरवर दाखवला, कच्चाच. उन्हाच्या बेताने लावलेल्या कॅमेऱ्याने खोली काळीठिक्कर केली होती. अंधारात एक माणूस, ओढलेलं तोंड, दातांत कापड. बाबांनी डाव्या हाताने स्क्रीन स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "हा कुणाला दाखवायचा नाही. मला वचन दे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. मी त्यांचा तो न ऐकणारा हात हातात घेऊन वचन दिलं.

त्या फोटोला मी काळा झेंडा लावला. पण महिना संपला तरी पुसवेना. बाकीचे सगळे पुसले, तो एक राहू दिला. उजेड-सावली कमीजास्त करायच्या एकाही पट्टीला मी हात लावला नाही, कारण लावला असता तर तो चांगला झाला असता आणि चांगला झाला असता तर मला तो कुणाला तरी दाखवावासा वाटला असता. माझं मला ठाऊक होतं.

थंडी सरता सरता आत्याचा फोन आला. छायाचित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनात तिचा फोटो पहिला आला होता. इतकी वर्षं फोटो पाठवत होती, पहिल्यांदाच. "दादाला घेऊन नक्की ये," ती म्हणाली. "आणि येताना कॅमेरा आण." मला मनापासून आनंद झाला. मी बाबांसाठी नवीन शर्ट आणला. बटणांऐवजी चेनवाला आणावा असं एकदा वाटलं, पण त्यांना राग आला असता.

हॉलच्या दाराशीच बाबांना एक जुना विद्यार्थी भेटला. आता टक्कल पडलेला, तरी त्यांच्यासमोर ताठ उभा. बाबा त्याच्याशी बोलत राहिले आणि मी पुढे गेले. गर्दी समोरच्या भिंतीपाशी होती. मी माणसांच्या खांद्यांमधून पाहिलं.

भिंतीवर बाबा होते. माझ्या उंचीचे. दातांत कॉलर, अंगठ्याखाली बटण.

आणि काय सांगू, सुंदर होता तो फोटो. हेच मला अजून सहन होत नाही. तिने अंधारातून मागची भिंत वर काढली होती, पण पलंगाखालची सावली तशीच ठेवली होती. जबड्याचा स्नायू दिसत होता. कपाळावरचा घाम दिसत होता. मी त्या पट्ट्या जन्मभर सरकवत बसले असते तरी मला ते जमलं नसतं. खाली पांढऱ्या कार्डावर "शर्ट" असं शीर्षक आणि त्याखाली आत्याचं नाव. माझ्या नावाचा मागमूसही नव्हता.

आत्या कुणाकुणाचं अभिनंदन स्वीकारत होती. मी तिला दंडाला धरून खांबामागे नेलं.

"हा माझा फोटो आहे."

ती गडबडली नाही. बहुतेक तयारी करूनच आली होती. "तू टाकून दिला होतास तो."

"टाकला नव्हता. बाजूला ठेवला होता."

"काळा झेंडा होता त्यावर. तू पुसला असतास एक दिवस. मी त्याच्यावर रात्रंदिवस बसलेय, शहाणे. तू आणलास तेव्हा तो फोटो होता का? नुसता काळोख होता."

"तू म्हणाली होतीस, माझं फोल्डर बघणार नाहीस."

तिने गळ्यातल्या पदकाची फीत सारखी केली. कुंपणानेच शेत खाल्लं तर शेताने कुणाकडे बघायचं, मला कळेना.

पण खरं सांगते, त्या क्षणी मला नावाची पडली नव्हती. मला बाबांची भीती वाटत होती. ते आत येतील, इतक्या लोकांपुढे स्वतःला त्या अवस्थेत बघतील, आणि त्यांना काय वाटेल? वचन दिलेलं फक्त मी. फोटो काढलेला मी. म्हणजे त्यांना उघडं पाडलं तेही मीच. त्यांचा हात गेला होता, चाल गेली होती, उरलेला विश्वास माझ्यावर होता आणि तो पुढच्या मिनिटात जाणार होता.

"बाबांना मी वचन दिलंय," मी म्हटलं. "त्यांना काय सांगू?"

"दादाचं मी बघते," आत्या म्हणाली आणि डोळे वळवले.

बाबा काठी टेकत आत आले. मी धावले, वाट अडवली. "बाबा, इथे फार गर्दी आहे. आधी तिकडचे बघू या, पक्ष्यांचे आहेत."

"पक्षी काय बघायचे?" बाबा म्हणाले. "आपला कुठे लावलाय? समोरच्या भिंतीवर ना?"

आणि मला वळसा घालून ते चालू लागले. गर्दीने त्यांना ओळखलं, वाट करून दिली. ते स्वतःसमोर उभे राहिले आणि मान तिरकी करून बघत राहिले. चेहऱ्यावर धक्का नव्हता. आवडता शिष्य शर्यतीत पहिला यावा तसं काहीसं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"म्हणजे काय? ती घरी आली होती दाखवायला. तू दुकानात होतीस. मला न विचारता लावेल का ती?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"अगं, तू दाखवलास त्यात मी मेल्यासारखा दिसत होतो. हिच्या फोटोत बघ, माणूस शर्ट घालतोय. सरळ आहे की नाही?"

"फोटो एकच आहे, बाबा. तो मी काढलाय."

"तूच काढलास, नाही कोण म्हणतंय? पण तुझ्या नावाने पाठवला असता तर कुणी ढुंकून तरी पाहिलं असतं का? तू आत्ता कुठे शिकतेयस. आणि नाव तुझं काय, तिचं काय, शेवटी घरातलंच ना!"

त्यांनी माझ्या पाठीवर डाव्या हाताने थोपटलं. मायेनेच थोपटलं, तेच वाईट. मला एकदम रडू आलं आणि रागही आला. वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि परवानगी तिला दिली. मी महिनोन्महिने त्या फोटोवर हात ठेवून बसले होते, आणि मला कुणी साधं येऊन सांगितलंही नव्हतं की बाई, आता हात काढ. दोघांनी मिळून ठरवलं होतं. माझ्याच घरात, मी लोकांना "हे बरं की हे" विचारत होते तेव्हा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं," बाबा म्हणाले. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटत होतं.

आत्या येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. तिने त्यांच्या खांद्यावरचा शर्ट सारखा केला. त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारत असतील तशी. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"काढ गं एक. भावाबहिणीचा. फोटो मागे येऊ दे."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत तिघं होती. भिंतीवरचे बाबा, जमिनीवरचे बाबा आणि आत्या.

"काढते," मी म्हटलं. "नाव कुणाचं लावू?"

बाबा खो खो हसले. झटक्यानंतर ते इतके मोकळे कधीच हसले नव्हते. आजूबाजूचे दोघे-चौघेही हसले, पोरगी विनोदी आहे म्हणून. आत्याने मान खाली घातली आणि मी बटण दाबलं.