मनगटावरचा दोष

आमच्या संग्रहालयात मला ‘भिंगराव’ म्हणतात. कौतुकाने म्हणतात असं मी बावीस वर्षं धरून चाललोय. काम एकच. नवा फोटो विकत घेण्याआधी तो दिव्याखाली ठेवायचा, भिंग लावायचं आणि ओरखडा, दुमड, डाग, जे सापडेल ते शाईने नोंदवायचं. माणूस म्हणून मी कसा, ते घरी विचारा. पण कागदावरचा डाग माझ्या नजरेतून सुटत नाही.

यंदा ‘माणसाचं जगणं’ या दालनासाठी एका छायाचित्रकार बाईंचे एक्केचाळीस फोटो आले. नुसते कामात असलेले हात. पीठ मळणारे, टायर बदलणारे, म्हाताऱ्याची नखं कापणारे. चाळीस फोटो निर्दोष निघाले, तेव्हा मी जरा नाराजच होतो. मग एक सापडला! शिवणकाम करणारे दोन हात, आणि डाव्या मनगटावर पांढरट, लांबट डाग. मी खुशीत लिहिलं, ‘मनगटावर छपाईतला दोष, लांबी अकरा मिलिमीटर. स्वच्छ प्रत मागवावी.’ खाली झोकदार सही ठोकली. फोटो परत गेला. त्या दिवशी मी स्वतःहून सगळ्यांना चहा पाजला, यावरून काय ते ओळखा.

बुधवारी संध्याकाळी बायको कामावरून आली. ती एका शिंप्याच्या दुकानात कपडे दुरुस्त करते. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती माझ्यासमोर बसली.

“त्या फोटोवाल्या बाई आल्या होत्या दुकानात.”

“कोण फोटोवाल्या?” मी पेपरातूनच विचारलं.

“महिनाभर सांगत होते तुम्हाला. माझ्या हातांचा फोटो काढलाय, तुमच्याच संग्रहालयात लागणार आहे म्हणून. तुम्ही ‘वा वा’ म्हणालात.”

म्हणालो असेन. मी बऱ्याच गोष्टींना ‘वा वा’ म्हणतो.

“तो परत पाठवलाय. मनगटावर डाग आहे म्हणे, छपाईतला. बाई म्हणाल्या, हात आहे तसा आहे, मी काही खोडून देणार नाही. शुक्रवारी यादी बंद होणार, की माझा फोटो गेला.” तिने पर्समधून एक कागद काढून पुढे ठेवला. “सही ओळखीची वाटली.”

मग तिने बाही वर केली. बावीस वर्षांपूर्वी, माझ्या मुलाखतीच्या सकाळी, ती माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. ‘आटप, आटप’ करत नाचताना माझाच पाय वायरीत अडकला आणि इस्त्री तिच्या मनगटावर पडली. नोकरी मात्र मला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळशात दोष काढून तो परत पाठवला होता.

“अगं, मला खरंच कळलं नाही...”

“दुकानातल्या सगळ्या जणींना सांगून बसलेय मी,” ती म्हणाली. “त्यांना घेऊन येणार होते बघायला.” मला माझी मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आमच्या संचालक मॅडमच्या खोलीत गेलो. “मॅडम, तो डाग माझ्या बायकोचा आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुम्हाला तुमची बायको ओळखता आली नाही?”

“नुसते हातच होते, मॅडम.”

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पुढे, भिंगातून एका वेळी नखाएवढाच भाग दिसतो, हेही समजावून सांगितलं.

“शाईतली नोंद खोडता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “हात आणि फोटो शेजारी ठेवून पुन्हा तपासा, नवी नोंद करा.”

थोडक्यात काय, बायकोचा हात हातात घ्यायला मला वरून हुकूम यावा लागला.

शुक्रवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून आली. दिव्याखाली हात ठेवला, शेजारी बाईंकडून परत मागवलेला फोटो. काही काम नसलेले दोघे सहकारी दारात येऊन उभे राहिले. मी भिंग लावलं. खूण तंतोतंत जुळली. मी लिहिलं, ‘छपाईत दोष नाही. भाजल्याची खूण. कारण : प्रस्तुत तपासनीस.’ मॅडमनी न हसता सही केली आणि फोटो यादीत गेला. बायको हसली. माझा जीव भांड्यात पडला.

खरं तर तेव्हाच भिंग खिशात टाकायला हवं होतं. पण खोड! अंगठ्याखाली आणखी एक बारीक, आडवी खूण दिसली, टाके घातल्यासारखी. फोटोतही ती होती. मी सावली समजून सोडून दिली होती.

“हे काय गं? कधीचं?”

“बारा वर्षं झाली. दुकानात कात्री लागली होती. पाच टाके पडले.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“टाके घालत होते तेव्हा,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात.”