देवीने प्यालेलं पाणी

सुरंगीच्या डोंगरपायथ्याशी अख्खं गाव जमलं होतं. वाळू भगताने झऱ्याचं पाणी तांब्यात घेतलं, अंगात आणलं, बराच वेळ घुमला आणि तांब्या उपडा केला. एक थेंबही पडला नाही!

"माता पाणी प्याली!" भगत किंचाळला. "तीन वरस तिचं रान बंद केलंत. आज कुंपण तोडा, नायतर झरापण पिऊन टाकील!"

बायांनी हात जोडले. मी मान खाली घालून हसलो. भगताला मीच आणलं होतं.

रानबंदी झिपरूची. या उतारावर गुरं नकोत, कुऱ्हाड नको, म्हणून तो घरोघर फिरला. तिसऱ्या उन्हाळ्यात आटलेला झरा वाहू लागला, भेकरं पाण्यावर येऊ लागली. लोक 'झिपरूचा झरा' म्हणायला लागले. आम्ही दोघं एका वयाचे. माझ्या नावाची गावात साधी पायवाट नाही. म्हणून भगताला गाठलं.

"काय झिपरू, देवीपेक्षा तू मोठा?" मी विचारलं.

"मोठा नाय रे भिका. पण रान उघडं पडलं तर झरा जाईल. बाया परत दोन डोंगर ओलांडून पाणी आणतील."

कोणी ऐकेना. चार-पाच जण कोयते घेऊन कुंपणाकडे निघाले. तेवढ्यात माझी सून सुमन पुढे आली. ती राखोलीला डायपरच्या कारखान्यात कामाला आहे. तिने सरळ तांब्यात बोटं घातली.

"मामा," ती मला म्हणाली, "ही तर आमच्या लाइनवरची भुकटी! डायपरात भरतात ती. पाणी शोषून घट्ट होते."

"हात नको लावू, पाप लागेल!" भगत ओरडला.

"रोज आठ तास लागतं. कुणी मीठ आणा गं. मीठ पडलं की ही पाणी सोडते."

तिने दोन मुठी मीठ घालून ढवळलं. थोड्या वेळाने तांब्या उपडा केला. पाणी आणि चिकट गोळे भगताच्या पायांवर पडले.

"मातेला उलटी झाली काय रे?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

भगताने माझ्याकडे बोट केलं. "मला काय हसता? या भिकादाने बोलावलं!"

"मामा, खरं का?" सुमनने विचारलं. "हो," मी म्हणालो, "मीच." कोयते माघारी आले.

झिपरूचा हेवा मला आजही वाटतो, खोटं कशाला सांगू? पण झऱ्यात चमत्कार नव्हता आणि तांब्यातही नव्हता. चराई थांबली, गवताने माती धरली, मातीत पाऊस मुरला. भगतावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. डोंगरावर या, गवताखाली हात घाला आणि स्वतः बघा.