निघताना मेन स्विच

घशाच्या ऑपरेशनात सासऱ्यांचा आवाज गेला, तो गेलाच. बाकी माणूस ठणठणीत. रोज दुकानात जाऊन कपडे शिवणं, शिलाई मशिनं दुरुस्त करणं चालूच होतं; बोलायचं ते मात्र पाटीवर.

नशीब असं, की त्याआधी काही वर्षं सुनेनं मागे लागून त्यांना पॉडकास्ट करायला लावला होता. टाका का सुटतो, बॉबिन कशी अडकते, मशीन रुसलं तर त्याची समजूत कशी काढायची, असं ते बोलत आणि शिवणारी माणसं काम करता करता ऐकत. रात्रपाळीच्या बायका तर हटकून. त्यांचे प्रश्न अजूनही येत. सासरे पाटीवर उत्तर लिहीत, सून ते टाइप करून धाडी. दिवसभरातलं त्यांचं खरं बोलणं ते एवढंच.

आणि अशात, ज्या कंपनीच्या वेबसाइटवर हे सगळं फुकट ठेवलं होतं तिनं गाशा गुंडाळला. तिनं कळवलं, नवी जागा असेल तर पत्ता द्या, श्रोत्यांना आम्ही तिकडे वळवू. पण त्याआधी आमचं यंत्र रोज रात्री तुमच्या दारात डोकावेल, नवी वेबसाइट चालू आहे का ते बघेल. महिनाअखेरपर्यंत एकदा तरी दार उघडं दिसलं पाहिजे. नाहीतर श्रोते तुमचे तुम्ही शोधा.

"फुकटच्या ओसरीवर कोण किती दिवस बसू देणार?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून आता आपलंच घर बांधायचं, आई," सून म्हणाली.

सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. नवरा फिरतीवर, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही. पण एकदा हातात घेतलं की सोडायचं नाही, हा तिचा स्वभाव. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर तिनं खाली काढला, पुसला, आणि त्यावर मोफत मिळणारी साधनं चढवली. जगभरातल्या माणसांनी आपापला वेळ देऊन ती बनवलेली. कुणीही घ्यावीत, उघडून आत पाहावीत, जमलं तर सुधारावीत. तिला हे फार आवडलं. आपण कुणाच्या तरी सेवेवर उभ्या आहोत, तर काम नीट करावं, असं तिच्या मनात येई.

वेबसाइट आता याच कॉम्प्युटरवरून चालणार होती. सगळे भाग तिनं या नव्या जागेवर आणले. एखादा अर्धवट तर आला नाही ना, म्हणून प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट कान देऊन ऐकला. शेवटी सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "निघताना मेन स्विच बंद केलात ना? मग जा निवांत."

कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवावा लागणार होता. तो घरी ठेवायचा बेत होता, पण सासूबाई अडून बसल्या. "त्या पंख्याची घरघर माझ्या उशाशी नको. आधीच एकाच्या घोरण्यावर जन्म काढलाय."

सासऱ्यांनी पाटी वर केली: 'घोरणं शाबूत आहे. ऑपरेशनात तेवढं वाचलं.'

"वाचणारच! मेलं जायचं ते गेलं नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

कॉम्प्युटर दुकानात गेला. दिवसा वेबसाइट छान चाले. संध्याकाळ झाली की बंद. सकाळी पुन्हा चालू! सुनेनं राउटर बदलला, सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. गुण येईना. शेवटी तिनं ते साधन सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवकाला कॉम्प्युटरच्या नोंदी पाठवल्या. त्यानं लिहिलं, 'ताई, बिघाड दिसत नाही. माणूस बोलता बोलता मध्येच गप्प व्हावा, तसं आहे. वीज जाते का?'

"बाबा, संध्याकाळी दुकानातली वीज जाते का हो?"

सासऱ्यांनी मान हलवली. नाही. आणि ते खोटं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. सून अर्धी रजा टाकून दुकानात जाऊन बसली. संध्याकाळी सासऱ्यांनी मशिनांवर फडकी घातली, केर काढला आणि दाराशी जाऊन, मागे न बघता, झाडूच्या दांड्यानं वरचा मेन स्विच खाली पाडला. खट्‌. दुकानात अंधार. पंख्याची घरघर थांबली.

"बाबा!"

ते दचकले. पाटी हातातून पडता पडता राहिली.

सुनेनं कपाळावर हात मारला. महिनाभर या कानांनी तेच तर ऐकत होती! आणि वीज आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, ही सोयही तिचीच. म्हणून सकाळी सगळं जागच्या जागी.

तिनं समजावून सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. स्विच त्यांनी वर केला, दुकान उजळलं. पण पाय निघेना. कटिंगच्या टेबलावर इस्त्रीनं जळालेला काळा डाग होता, त्यावरून बोट फिरवत राहिले. तरुणपणी एकदा स्विच बंद करायला विसरले होते, तेव्हा शेजाऱ्यांनी धूर पाहिला म्हणून दुकान वाचलं. तेव्हापासूनचा हा नेम. आणि नेम धरलेल्या माणसाला तो मोडताना काय होतं, ते नेम धरणाऱ्यालाच ठाऊक.

"इस्त्री काढून ठेवू. प्लगच्या सगळ्या पिना काढू. एकटा कॉम्प्युटर राहील. चला ना, बाबा."

दोघांनी सगळं काढलं. कुलूप लावलं. सासरे चार पावलं गेले आणि परत फिरले. 'मी इथेच बसतो,' पाटीवर लिहिलं.

सुनेनं घरी फोन केला. थोड्या वेळानं सासूबाई डबा, चादर आणि दोन उश्या घेऊन हजर.

"आई, तुम्ही कशाला?"

"यांना काही झालं तर हाक कोण मारणार? पाटी?" त्यांनी चादर झटकली. "तू जा घरी. एक रात्र ऐकेन मी ती घरघर."

सकाळी कंपनीचा निरोप आला होता. दार उघडं मिळालं, श्रोते नव्या पत्त्यावर वळवले आहेत. सून धावतच दुकानात गेली. सासूबाई केस विंचरत होत्या, सासरे चादरीची घडी घालत होते. निरोप वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नव्या पत्त्यावर पहिला प्रश्नही आला होता, एका रात्रपाळीवालीचा: 'काका, सुई सारखी मोडते.' तिला उत्तर लिहीपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

"शेवटचं ते वाक्य काढून टाकू का सगळ्यांतून?" सुनेनं चिडवलं.

पाटी लगेच वर झाली: 'खबरदार. ते बरोबरच आहे. वायरमनला बोलाव.'

वायरमननं कॉम्प्युटरसाठी मेन स्विचच्या आधीच एक वेगळी लाइन काढून दिली, तिचा स्वतःचा छोटा स्विच लावून. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी केर काढला, दाराशी गेले, झाडूचा दांडा वर नेला. खट्‌. दुकानात अंधार झाला. कोपऱ्यात एक हिरवा दिवा तेवढा राहिला, आणि पंख्याची घरघर.

इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मागे वळून पाहिलं. मग निवांत घरी निघाले.