चाळिसातला एक

मित्रांनो, मी एक तुटलेला स्क्रू आहे. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब. वाकडे दात सरकवताना तार ओढून धरायला जबड्याच्या हाडात रोवतात, त्या जातीचा. पण जबडा मी कधी पाहिलाच नाही.

मला विकत आणलं ते दातांची डॉक्टर होऊन पुढचं शिकणाऱ्या एका मुलीने. सतत कामात म्हणून सगळे तिला 'मुंगी' म्हणत. वर्षभरापूर्वी एका शिंप्याच्या मुलीच्या जबड्यात तिच्या हातून स्क्रू तुटला होता. आधी दुसऱ्याला लावलेला, जंतू मारायला वाफवून पुन्हा घेतलेला. तुकडा काढताना हाड कोरावं लागलं, शेजारच्या चांगल्या दाताचं मूळ दुखावलं, आणि तो दात गेला. शिंप्याने भांडण केलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "नवा नव्हता का?"

मग वाफेने स्क्रू कमजोर होतो का ते तपासायला मुंगीने आम्हा चाळीस जणांना आणलं. काहींना कोरंच ठेवलं, काहींना एकदा वाफवलं. आम्हा दहा जणांना दहा-दहा वेळा त्या कोंडलेल्या वाफेत घातलं. नंतर एकेकाला हाडासारख्या टणक ठोकळ्यात तुटेपर्यंत पिळलं आणि किती जोर लागला ते लिहून घेतलं. माझे भाऊबंद भक्कम निघाले. मी मात्र निम्म्या जोरातच मोडलो. मुंगीने माझे दोन तुकडे एका पाकिटात ठेवले आणि वर आकडा लिहिला.

विभागप्रमुख सरांनी आकडे पाहिले. त्यांच्या विभागात वापरलेले स्क्रू वाफवून पुन्हा लावायची जुनी वहिवाट होती. वाफेने काही बिघडत नाही हे छान दिसतंय, असं ते म्हणाले. मग माझ्या आकड्यावर बोट ठेवलं.

"अगं, चाळिसातला एक. वगळ त्याला."

"सर, त्या मुलीच्या जबड्यातलाही एकच होता."

सरांनी पेनाला टोपण लावलं. तिच्या प्रबंधावर सही झाली नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मुंगीच्या बरोबरीचे परीक्षा देऊन गेले. तिने आईला फोनवर सांगितलं, अजून एक वर्ष लागेल. आईने जेवलीस का, इतकंच विचारलं.

मी त्या पाकिटात दोन तुकड्यांत पडून आहे. वाफेने मला पोखरलं की माझ्या धातूतच खोट होती, मला ठाऊक नाही. ते शोधायचं तर मी तुटलो हे आधी कागदावर यायला हवं. मित्रांनो, मला जपा असं आता कोणत्या तोंडाने सांगू? पण जे मोडलं, ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.