न्या झुल्मिरा माल नव्हे

विमानतळाच्या मालधक्क्यावर लांब पेटीच्या एका टोकाला ‘डोकं’ असं लिहिलेलं असतं. चढवताना ते टोक आधी.

कचूपा, आमची मक्या-कडधान्याची उसळ, पहिल्या दिवशी ठीक लागते. दुसऱ्या दिवशी कांद्यावर परतली की खरी लागते.

डॅलसला आमच्या ओळखीचं कोणी नाही.

माझा नवरा मेलेल्या माणसांशी बोलतो. वळण आलं की सांगतो, वळतोय हं.

करारातलं शेवटून दुसरं पान कोणीच वाचत नाही.

*

माझा नवरा म्हणजे बेल्मिरो. ब्रॉक्टनमधल्या एका कंपनीची शववाहिनी चालवतो. कोणी वारलं की अंत्यविधीवाल्यांकडून पेटी उचलायची आणि बॉस्टनच्या विमानतळावर पोचवायची. आफ्रिकेलगतच्या आमच्या केप व्हर्द बेटांवरून आलेल्या म्हाताऱ्यांना इथल्या मातीत जायचं नसतं, आपल्या बेटावर जायचं असतं. त्यामुळे काम कायम.

आधी गाडीवर दोघे असायचे. मग कंपनीने एक माणूस काढला आणि त्याच्या जागी चाकांची घोडी दिली. घोडी जिने चढत नाही. तिघा ड्रायव्हरांच्या पाठी गेल्या. बेल्मिरोच्या हातून एकदा पेटीचं टोक सुटून पायरीवर आपटलं. आत एक अनोळखी म्हातारा होता. विमानतळापर्यंत बेल्मिरो त्याची माफी मागत राहिला.

मग सात ड्रायव्हरांनी मिळून दावा लावला: गाडीवर पुन्हा दोन माणसं द्या. कंपनीने शेवटून दुसरं पान उघडलं.

*

ते कलम, माझ्या शब्दांत:

भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही. लवादाकडे जायचं. लवाद कंपनीच्या यादीतला. बसणार डॅलसला, बंद खोलीत. जायचं एकेकट्याने. आत काय झालं ते बाहेर कोणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही.

बेल्मिरोला ती शेवटची अट सगळ्यात जास्त लागली. मी म्हटलं, मला न सांगता तू दात तरी घासतोस का?

*

आमची वकील मॉरा आमच्या मुलीच्या वयाची. तिने सातही जणांना समोर बसवून सांगितलं की सुटायला एक वाट आहे. जुना कायदा आहे. जे कामगार राज्याबाहेर, देशाबाहेर माल पोचवण्याच्या कामात आहेत, त्यांच्यावर असलं कलम लादता येत नाही. पेट्या बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून थेट केप व्हर्दला, प्रायाला जातात, म्हणजे अडचण नाही. न्यायाधीशबाई बहुतेक ड्रायव्हरलाच विचारतील, आणि सगळ्यांत जुना बेल्मिरो. त्याने एवढंच म्हणायचं, की मी माल नेतो.

बेल्मिरो म्हणाला, “न्या झुल्मिराला मी माल म्हणू?”

न्या म्हणजे आमच्या बोलीत मोठ्या बाईला मानाने हाक. न्या झुल्मिरा आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. बेल्मिरो कामाला निघाला की त्याला दारात अडवून त्याची कॉलर सरळ करायची आणि विचारायची, आज कोणाची पाळी. गेल्या हिवाळ्यात तिचीच पाळी आली. तिला लोगनला त्यानेच नेलं. जाताना वाटेत तिच्या आवडत्या बेकरीपाशी गाडी जरा हळू केली.

मॉरा म्हणाली, कायद्याच्या भाषेत फक्त. तो म्हणाला, ती भाषा मला येत नाही. बाकीचे सहा जण आपापल्या बुटांकडे बघत होते. त्यांतल्या एकाला अजून खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागतं.

घरी आल्यावर मी त्याला समजावलं की एक शब्द आहे, म्हणून टाक.

“पेटीत तू असतीस तर?”

“तर आतून ओरडले असते, म्हण एकदाचं आणि सोडव सगळ्यांना.”

“तू ओरडली असतीस,” तो म्हणाला. “त्यात शंका नाही.”

*

कोर्ट उघडं असतं. कोणीही येऊन बसावं. आम्ही त्याच्यासाठीच तर भांडत होतो.

म्हणून तिसऱ्या बाकावर लुसिंडा बसली होती. न्या झुल्मिराची मुलगी. सुट्टी टाकून आली होती, आम्हाला धीर द्यायला. बेल्मिरोने वळून तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

कंपनीचा वकील आधी उठला. गोड आवाजाचा माणूस. म्हणाला, मृतदेह म्हणजे माल नव्हे. तो विकत नाहीत, विकत घेत नाहीत. मृत व्यक्तीचा मान राखून सांगतो, ही माणसं माल वाहत नाहीत, तेव्हा हा कायदा त्यांच्यासाठी नाही. त्यांनी डॅलसला जावं.

बेल्मिरोच्या मनातलं अक्षर न् अक्षर तो बोलला होता. मी बाकाची कड घट्ट धरली.

न्यायाधीशबाईंनी बेल्मिरोला उभं केलं. गाडीत काय नेता, असं विचारलं.

मॉराने पेन खाली ठेवलं. लुसिंडा पुढे वाकली.

“माणसं,” बेल्मिरो म्हणाला.

कंपनीच्या वकिलाने मान डोलावली, अगदी हळू. सहा जणांपैकी कोणीतरी सुस्कारा सोडला. मॉराने डोळे मिटले.

न्यायाधीशबाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, कुठून कुठे. ब्रॉक्टनहून लोगन, तो म्हणाला. पुढे विमानाने प्राया, मग बोटीने ज्याचं जे बेट असेल तिथे. त्यांनी विचारलं, परत कोणी येतं का. तो म्हणाला, नाही बाई, एकेरीच.

मागे कोणीतरी हसलं आणि खोकला आल्यासारखं केलं.

मग बाई कंपनीच्या वकिलाकडे वळल्या. “माल नाही हे तुमचं म्हणणं. माणसं आहेत हे त्यांचं म्हणणं. देशाबाहेर जाणाऱ्या माणसांना आपण प्रवासी म्हणतो. हा कायदा मालालाही चालतो आणि प्रवाशालाही. तिसरं काही असेल तर सांगा, मी थांबते.”

त्या खरंच थांबल्या. वकील पाणी प्यायला. त्याने कागद उलटले. पुन्हा पाणी प्यायला. तिसरं काही नव्हतं.

त्यांनी तिथेच सांगून टाकलं: कलम या कामाला लागू नाही. दावा इथेच चालेल, सात जणांचा मिळून, उघड्या कोर्टात.

*

बेल्मिरो बाहेर आला, टाय सोडून नळाला तोंड लावून पाणी प्यायला, शाळेतल्या पोरासारखा. मॉरा रडत होती आणि रडत नाही असं सांगत होती. टेबल धरून उठणाऱ्याने तिला मिठी मारली आणि मग कळवळला.

लुसिंडा जिन्यापाशी उभी होती. बेल्मिरो तिच्याकडे जाताना बिचकत होता.

“आई जन्मभर विमानाला घाबरली,” ती म्हणाली. “आणि आता तू तिला कोर्टात प्रवासी करून ठेवलंस.”

“गप्प बसून गेली,” बेल्मिरो म्हणाला. “इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.”

लुसिंडाला हसू आवरेना. हसता हसता तिने त्याचा दंड धरला, आणि आम्ही सगळे तसेच जिना उतरलो, कोणाच्या हातात काही ओझं नसताना.

*

बेल्मिरोची आई फोगो बेटावर वारली तेव्हा आम्हाला जाता आलं नव्हतं. तिला कोणी उचललं, वळणावर कोणी ‘वळतोय हं’ म्हटलं का, ते आम्हाला माहीत नाही.