दोन बुचं

आवाज झाला तेव्हा हाल्वर ब्रेकेन कॉफीचा थर्मास घेऊन शेडच्या दारात पोचला होता. त्याला आवाज म्हणावं असा तो नव्हताच. कुणीतरी छातीवर हात ठेवून जोरात मागे ढकलावं, तसं काहीतरी झालं. पाठोपाठ वर पत्रा फाटल्याचा कर्कश चरचराट झाला, आणि छताला पडलेल्या वेड्यावाकड्या भगदाडातून उन्हाचा एक तिरका पट्टा आत आला. त्या पट्ट्यात धूळ सावकाश खाली उतरत होती. ती कशी उतरते आहे, हे हाल्वर लक्ष देऊन पाहत राहिला. आत आपली मुलगी आहे हे त्याला त्यानंतर आठवलं.

सकाळपासून सिग्नी त्याच्याचसाठी खपत होती. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला वाकवत नव्हतं, आणि नांगराचे फाळ घासायचा ग्राइंडर मात्र बुटक्या बाकावर बसवलेला. ग्राइंडरचा स्टँड विकत आणावा, असं सास्काचेवान प्रांताच्या त्या भागात कुणाच्या मनातही येत नसे. वाऱ्याच्या आडोशाला लावलेल्या झाडांमागे प्रत्येकाचा मोडक्या यंत्रांचा ढीग असे. त्यातून तळाला एखादं चाक उचलायचं, वर हाताला लागेल तो नळ उभा करायचा, की स्टँड तयार. सिग्नीने नळ म्हणून जमीन उकरायच्या जुन्या कल्टिव्हेटरचा, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक सिलिंडर निवडला होता. जाड पोलादाचा, एका बाजूने मुळातच बंद, आणि इतका जड की वर ग्राइंडर कितीही घरघरला तरी थरथरणार नाही. तिने आतला दट्ट्या ओढून काढला, तेल निथळू दिलं आणि बापाला शेजारी उभं करून त्याच्या कोपराच्या उंचीवर खडूची रेघ मारली.

"सरळ उभे राहा, बाबा."

"सरळच उभा आहे."

"हे सरळ? मग स्टँडच वाकडा करते, म्हणजे जोडी जमेल."

त्या रेघेवर तिने सिलिंडर कापला आणि बंद बाजू चाकावर जोडून टाकली. वरच्या तोंडावर चौकोनी पोलादी पाटी बसवायचं काम तेवढं उरलं होतं. सिलिंडरच्या अंगाला तेल आत-बाहेर करण्याची दोन छिद्रं होती. ती तिने मुद्दाम उघडी ठेवली आणि ती जेवायला घरात गेली.

मग हाल्वरने ती छिद्रं पाहिली.

तेलाचं उघडं छिद्र पाहून त्याला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं. फार पूर्वी, ऐन कापणीत, एका उघड्या नळीतून धूळ शिरून त्याचं कापणीयंत्र शेतात अडकून पडलं होतं, आणि उभा गहू बर्फाखाली गेला होता. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात पोलादी बुचं असत. शेजारी त्यावरून चिडवत. चर्चमध्ये तो गुडघे टेकायला खाली वाकला की खिसा वाजे. सिग्नीला अक्षरं शिकवायच्या आधी त्याने हे शिकवलं होतं: भोक दिसलं की बूच. आणि आता तर गांधीलमाश्यांचे दिवस होते. अशा छिद्रात त्या एका दुपारीत मातीचं घर बांधतात. पोरगी विसरली असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण अजून उपयोगी पडतो याचं त्याला थोडं समाधानही वाटलं. त्याने दोन्ही बुचं फिरवली, पान्याने आवळली आणि कॉफी आणायला तो घराकडे गेला.

"बाबा, कॉफी सांडतेय."

सिग्नी पलीकडच्या भिंतीपाशी उभी होती. मुखवटा कपाळावर सरकवलेला, हातात वेल्डिंगची खपली काढायची हातोडी. जोड पुरा करून ती हातोडी घ्यायला तेवढी भिंतीपर्यंत गेली होती. हाल्वरने खाली पाहिलं. कॉफी त्याच्या बुटात उतरत होती आणि पाय भाजत होता. तो पाय आपला आहे हे त्याला कळायला वेळ लागला.

"लागलं का तुला?"

"काय?" ती ओरडल्यासारखी बोलत होती. "डाव्या कानात शिट्टी वाजतेय. मोठ्याने बोला."

तो आत तिच्याकडे गेला. स्टँड आडवा पडला होता आणि त्याच्या उघड्या तोंडातून जळक्या तेलाचा धूर येत होता. वरची पाटी कुठेच नव्हती. मघाशी जोड देताना सिग्नीचं तोंड बरोबर त्या पाटीवर ओणवं होतं.

ती गुडघ्यावर बसली, सिलिंडरभोवती नजर फिरवत गेली आणि थांबली.

"हे बूच मी लावलं नव्हतं."

"मी लावलं."

"कधी?"

"तू जेवत होतीस तेव्हा."

"का पण?"

"उघडं होतं," हाल्वर म्हणाला. याहून वेगळं कारण त्याने शोधून पाहिलं. ते सापडलं नाही.

तेवढ्यात त्याची बायको अडेल पिठाच्या हातांनी धावत आली. "गॅसची टाकी फुटली का?"

"नाही, आई. स्टँडचं झाकण उडालं."

"झाकण? मग माझ्या फडताळातल्या बशा कशा पडल्या?" तिने वर पाहिलं, भगदाड पाहिलं.

"मी बुचं लावली, अडेल," हाल्वर म्हणाला. "आत राहिलेलं तेल तापलं. वाफेला जायला वाट नव्हती."

अडेलने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला, कानामागे बोटं फिरवून पाहिली. सिग्नीच्या गालांवर पिठाचे पांढरे ठसे उमटले.

"मीही बघायला हवं होतं," सिग्नी म्हणाली. "पेटवण्याआधी एकदा हात फिरवायला काय झालं होतं मला?"

"तू नको म्हणूस ते."

"का नको? खरं आहे ते."

दुसऱ्या दिवशी तिला पाटी बार्लीच्या शेतात सापडली. जाड पोलाद, पण पोळी दुमडावी तसं दुमडलेलं. ते तिने घरी दाखवलं नाही. शेडमागच्या ढिगावर टाकलं. हाल्वरने खिडकीतून ते पाहिलं. त्या दिवशी तो शेडकडे फिरकला नाही, त्यानंतरही नाही. शेवटी तो घराच्या पायरीवर बसला असताना सिग्नीच तिथे येऊन उभी राहिली.

"पाटी धरायला माणूस हवाय."

"आईला ने."

"आईची उंची कुठे तेवढी? आणि स्टँड तिच्यासाठी नाही करत आहे मी."

"मी जवळ असताना तू वेल्डिंग करू नकोस, पोरी."

"मग तुम्ही मला शिकवलंत ते कुणाजवळ करू?"

तो उठला. शेडमध्ये सिलिंडर आतून साबणाच्या पाण्याने धुवून वाळवलेला होता. दोन्ही बुचं बाकावर पडली होती. छताच्या भगदाडाला सिग्नीने अजून पत्रा मारला नव्हता, आणि हाल्वरने तिकडे न बघण्याचं ठरवलं होतं, तरी तो बघत होता.

"तपासा," ती म्हणाली. "दोन्ही छिद्रं. माझ्यावर विसंबू नका."

त्याने वरच्या छिद्रात बोट घातलं, काढलं. खालच्या छिद्रात बोट घातलं. आत पोकळी लागली, थंड धातू लागला, आट्यांच्या कडा लागल्या. दुसऱ्या हाताने त्याने नवी पाटी धरून ठेवली. सिग्नीने मुखवटा खाली घेतला, रॉड पुढे आणला, आणि मुखवटा पुन्हा वर केला.

"बाबा."

"हं."

"बोट काढा. आता तुम्हीच बूच झालात."

हाल्वरने आपल्या हाताकडे पाहिलं. बोट खरंच आत होतं, मुळापर्यंत, घट्ट. ते काढायला हवं हे त्याला कळत होतं, आणि छिद्र मोकळं राहिलं तरच पोरगी सुखरूप राहील हेही. तरी ते बोट निघायला वेळ लागला. सिग्नी थांबली.

बोट बाहेर आलं. तो हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात तिथेच, खिशावर दाबलेला राहिला, आणि सिग्नीने मुखवटा खाली घेतला.