चटई कोणी उचलायची

"बाई, संस्था बळकट करायची ना? मग आधी मागच्या दाराला कडी लावा," मासिना म्हणाली.

ब्रिस्बेनहून सल्लागार म्हणून आलेल्या ब्रॉनविनबाईंनी तेही हिरव्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवलं. भिंतीवर आता अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या झाल्या होत्या आणि दाराला कडी नव्हतीच. अत्याचार सोसलेल्या बायकामुलींना आधार देणाऱ्या बेटावरच्या त्या केंद्रात मासिना बावीस वर्षं स्वयंपाक, झाडलोट आणि पोलिसांशी भांडण अशी तिन्ही कामं एकाच पगारात करत होती. तरी "तुमचं पद काय?" या बाईंच्या प्रश्नाला तिला सकाळपासून उत्तर सुचलं नव्हतं.

एवढ्यात फाटक वाजलं. पाच पुरुष अंगणात आले, माना खाली घालून भर उन्हात बसले आणि एक भलीमोठी, बारीक विणीची चटई त्यांनी पाचही डोक्यांवरून ओढून घेतली.

मासिनाने त्यांना ओळखलं. अठरा दिवसांपूर्वी केंद्रात राहायला आलेल्या लुपेने ज्या तरुणाविरुद्ध तक्रार दिली होती, त्याचे हे काका-मामा. बेटाच्या रीतीप्रमाणे चटईखाली बसून माफी मागायला आले होते. लुपेच्या घराण्याच्या मताईने, म्हणजे प्रमुखाने, ती चटई उचलली की माफी झाली. पुढे पोरीने तोंड उघडायचं नाही. आणि तिचे वडील इओसेफो हेच मताई. ते नेमके आज तिला भेटायला येऊन ओसरीवर बसले होते. नेमके कसले, पाहुण्यांनी चौकशी करूनच दिवस धरला असणार.

"अहो, गुदमरतील ते!" ब्रॉनविनबाई धावल्या. मासिनाने त्यांचा झगा मागून धरला.

"हात लावू नका, बाई. तुम्ही उचललीत तर ऑस्ट्रेलियाने माफ केलं म्हणून गावभर सांगत सुटतील."

तासभर गेला. कुंपणापाशी शेजारीपाजारी जमले. चटईखाली फोन वाजला.

"मी चटईखाली आहे," दबका आवाज आला. "नंतर कर. हो, मासे घे. लहान नको घेऊस."

कुंपण खो खो हसलं. इओसेफो मात्र हसले नाहीत. ते उठले.

"फार झालं. म्हातारी माणसं आहेत. लोक काय म्हणतील?"

"लोक दोन्हीकडून बोलतात," मासिना आडवी आली. "लुपेला विचारलंत?"

"मताईने पोरीला विचारायचं?"

"मग काय मला विचारता? माझं तर अजून पदच ठरलेलं नाही."

इओसेफोंनी तिच्याकडे रागाने पाहिलं, पण पाय स्वयंपाकघराकडे वळले. मासिना दाराशी थांबली. तिला भीती वाटत होती. अशा किती मुली याच दारातून वडिलांमागे मुकाट्याने परत गेलेल्या तिने पाहिल्या होत्या.

लुपे फरशीवर बसून कच्ची केळी सोलत होती. अठरा दिवसांत ती मोजकंच बोलली होती.

"बाळा, उचलू का?"

"नको, बाबा." सुरी थांबली. "ते इथवर आले, पण तुमच्याकडे. माझ्याकडे कोणी आलंच नाही."

इओसेफोंनी वळून अंगणाकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी शिंकलं, कोणाच्या तरी पायात गोळा आला. "मामा, सरका की जरा," असंही ऐकू आलं.

"मी यात संस्थेचं काम म्हणून काय लिहू?" ब्रॉनविनबाईंनी मासिनाच्या कानाशी हळूच विचारलं.

"आत्ता काही लिहू नका," मासिना म्हणाली.

केळी सोलणं हे घरातल्या तरुण पोरांचं काम. मताई झाल्यापासून चौदा वर्षांत इओसेफोंनी सुरीला हात लावला नव्हता. ते अंगणाकडे न जाता लेकीसमोर मांडी घालून बसले आणि दुसरी सुरी घेऊन सोलू लागले. सालीबरोबर निम्मं केळंही जात होतं. लुपेने ते पाहिलं आणि टोपली दोघांच्या मधोमध सरकवली.